वाळू रिकामी नसते

मागच्या वर्षीच्या मार्चमधली गोष्ट. सकाळचे साडेसहा वाजले असतील. एका गॅसवर चहा, दुसऱ्यावर पोळ्यांचा तवा, आणि तेवढ्यात फोन वाजला. आमच्या बचत गटातली एक मुलगी बोलत होती. आवाज अगदी रडवेला.

"काकी, लगेच या हो. बंदरावरच्या नव्या खांबाखाली कासवाची पिल्लं पडलीत. मेलीत बहुतेक."

तवा तसाच उतरवला आणि निघाले. घरापासून समुद्र दहा मिनिटांवर. पोहोचले तर खांबाखाली, डांबरी रस्त्यावर आणि कडेच्या खडीत काळी काळी इवलीशी पिल्लं. एक पिल्लू तळहातावर ठेवलं तर बोटांपर्यंतही पोहोचेना. काही गाडीखाली चिरडली होती. काही नुसतीच सुकून पडली होती. कावळे टपून बसलेलेच. मोजली तर चौतीस भरली. त्यातली अकरा अजून हातपाय हलवत होती. आम्ही घमेल्यात ओली वाळू घेतली, त्यात ती अकरा ठेवली आणि कासवमित्राला फोन लावला. तो आला, त्याने ती लाटेपासून चार पावलांवर ठेवली आणि ती आपली आपण चालत समुद्रात जाईपर्यंत कावळे हाकलत उभा राहिला.

परत येताना त्याने सहज विचारलं, "हा खांब कधी बसवला हो काकी?"

मी काही बोलले नाही. कारण तो खांब मीच आणला होता.

मैत्रिणींनो, 'मीच' म्हणजे अगदी मीच. त्याच्या आदल्या वर्षी आमच्या महिला मंडळाने ग्रामपंचायतीला अर्ज दिला होता. बंदरावर पहाटे चारला मासळी उतरते. आमच्या कोळणी डोक्यावर पाटी घेऊन काळोखातून येतात. वाटेत कुत्री, दारू पिऊन पडलेले पुरुष आणि पावसाळ्यात साप. दोघींना फुरसं चावलं होतं. एका मुलीची छेड काढली गेली होती. मग मी वही घेऊन दारोदार फिरले आणि दोनशे अकरा बायकांच्या सह्या घेतल्या. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामाचं काहीतरी डोळ्यांना दिसलं, ते म्हणजे तो उंच खांब आणि त्याच्यावरचा पांढरा शुभ्र दिवा. उद्घाटनाला नारळसुद्धा मीच फोडला!

आणि वर्षभरात त्याच दिव्याखाली ती पिल्लं.

त्या दिवसापासून मी वाचते आहे, विचारते आहे आणि पुन्हा किनाऱ्यावर फिरते आहे. मी काही शास्त्रज्ञ नाही. मराठी घेऊन बी. ए. झालेली, घर सांभाळून गावचं काम करणारी बाई मी. पण जे कळलं ते तुम्हाला सांगायला हवं, असं वाटलं. कारण ही चूक फक्त माझ्या गावची नाही. किनाऱ्यावरच्या पुष्कळ गावांत आज ती होते आहे.

माझं माहेर मिरजेकडचं. लग्न होऊन कोकणात आले तेव्हा समुद्र पहिल्यांदा पाहिला. पाण्यात मासे असतात आणि काठावर वाळू असते, एवढंच माझं ज्ञान. वाळू म्हणजे रिकामी जागा. पोरांनी किल्ले करावेत, बायकांनी मासे सुकवावेत, पाहुण्यांनी फोटो काढावेत. सासूबाई मात्र म्हणायच्या, "वाळूत पाय टाकताना बघून टाकावा गो. तिथे पण कोणाची तरी वस्ती असते." मला वाटायचं, सुनेला उगीच घाबरवायचं म्हणून म्हणत असतील.

पण वस्ती आहे. आणि चांगली भरलेली आहे.

आधी कासवाचंच सांगते. आपल्या किनाऱ्यावर अंडी घालायला प्रामुख्याने येतं ते ऑलिव्ह रिडले जातीचं कासव. पाठ दोन-सव्वादोन फुटांची, वजन चाळीस किलोच्या आसपास. नोव्हेंबर ते मार्च हा त्यांचा मुख्य हंगाम. रात्री एकटीच मादी वर येते, भरतीची रेषा ओलांडते आणि मागच्या पायांनी दीडेक फूट खोल खड्डा खणते. हंडीसारखा, वर अरुंद आणि खाली गोल. त्यात शंभराच्या आगेमागे अंडी घालते, खड्डा बुजवते, वरून अंगाने वाळू थोपटते आणि निघून जाते. अंडी घालताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहतं. आमच्याकडच्या म्हाताऱ्या म्हणतात, ती माहेरच्या आठवणीने रडते. शास्त्र सांगतं, समुद्रात राहून अंगात जमलेलं जास्तीचं मीठ ती डोळ्यांजवळच्या ग्रंथींतून बाहेर टाकते. मला दोन्ही पटतं. कारण ही मादी साधारण ज्या भागात जन्मली, त्याच भागातल्या किनाऱ्यावर बाळंतपणाला परत येते. म्हणजे माहेरच की नाही!

अंडी उबवायला आई थांबत नाही. ते काम वाळू करते. पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात. आणि आत मुलगा की मुलगी, हेही वाळूच ठरवते. वाळूचं तापमान साधारण तीस अंशांच्या खाली असलं तर नर जास्त, वर गेलं तर माद्या जास्त. हे वाचल्यावर मला आधी हसू आलं. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्यांना जरा वाळूकडे बोट दाखवावं, असं मनात आलं. पण मग जाणवलं की उन्हाळे असेच तापत गेले तर घरट्यांमधून नुसत्या माद्याच बाहेर पडतील. आणि नरच उरले नाहीत तर पुढे अंडी फळणार कशी?

आता त्या रात्रीकडे येऊ. पिल्लं बहुधा रात्रीच वाळू फोडून बाहेर येतात. त्यांना समुद्र कुठे आहे हे कोणी सांगत नाही. मागची झाडी आणि डोंगर काळे दिसतात, समोरचं पाणी मात्र चांदण्याने, ताऱ्यांनी उजळलेलं असतं. जिकडे उजेड, तिकडे समुद्र. लाखो वर्षं हा हिशेब कधी चुकला नाही. आणि मग आपण समुद्राच्या विरुद्ध बाजूला पांढरा झगझगीत दिवा लावतो. पिल्लं बिचारी आपल्या हिशेबाने बरोबरच चालतात. दिव्याकडे, रस्त्याकडे, चाकांखाली. एवढंच नाही, तर वर येऊ पाहणारी आईसुद्धा प्रचंड उजेड पाहून अंडी न घालताच मागे फिरते.

तुम्ही म्हणाल, वन विभागाचे लोक अंडी उचलून जाळीच्या कुंपणात ठेवतात ना? ठेवतात. कासवमित्र पहाटे मैलोन्‌मैल चालून कासवाच्या पावलांचे माग शोधतात, अंडी काढून संरक्षित जागी तशाच खड्ड्यांत पुरतात. नाहीतर कुत्री, कोल्हे आणि माणसं ती सोडत नाहीत. पण एखादं घरटं नजरेतून सुटतंच. आमच्या खांबाखालची पिल्लं अशाच एका सुटलेल्या घरट्यातली होती.

सासूबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आमच्या लहानपणी अंडी टोपल्यांनी यायची घरात. आम्ही खाल्लीत गो." त्यांच्या बोलण्यात लाज होती, पण मला त्यांना दोष द्यावासा वाटला नाही. तेव्हा गरिबी होती, माहिती नव्हती. आज कायद्याने कासव आणि त्याची अंडी, दोन्हींना सर्वोच्च संरक्षण आहे. पूर्वी माणूस अंडी नेत होता, आज आपण दिवे, भिंती आणि पार्किंग आणून कासवाची जागाच नेतो आहोत. यातलं जास्त वाईट कोणतं, ते तुम्हीच ठरवा.

वाळूची वस्ती कासवावर संपत नाही. बेडकाचं उदाहरण घ्या. समुद्रकिनारी बेडूक? मलाही नवल वाटलं होतं. बेडकाच्या कातडीतून पाणी आत-बाहेर होतं, त्यामुळे बहुतेक बेडकांना खारं पाणी सोसत नाही. मग ते समुद्रापासून शंभर पावलांवर जगतात कसे?

त्याचं उत्तर आपल्या विहिरीत आहे. किनाऱ्यालगतच्या वाड्यांमधल्या विहिरी पाहिल्यात ना? समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी पाणी गोड. पावसाचं पाणी वाळूच्या टेकाडांत मुरतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. भांड्यात दुधावर साय धरावी तसं. त्या सायीवर आपली विहीर चालते, माड-पोफळी चालते, आणि टेकाडांमागच्या खोलगट जागेत पावसाळ्यात जी डबकी साचतात त्यांत बेडूक चालतात. काही बेडकांच्या मागच्या पायाला खुरप्यासारखा टणक उंचवटा असतो. त्याने माती-वाळू उकरत ते मागच्या मागे जमिनीत शिरतात आणि कोरडे महिने तिथेच निपचित काढतात. मृगाचा पाऊस झाला की एका रात्रीत सगळे वर! मोठ्या सोनेरी बेडकाचा नर तर त्या दिवसांत हळद लावलेल्या नवरदेवासारखा पिवळाधमक होतो आणि गळ्याशी दोन निळ्या पिशव्या फुगवून ओरडतो. माझा मुलगा लहान असताना त्याला ती 'बेडकांची वरात' दाखवायला मी छत्री घेऊन न्यायची.

ती वरात आता नाही. काही वर्षांपूर्वी ती खोलगट जागा लाल मातीचा भराव टाकून सपाट केली गेली. पर्यटकांच्या गाड्यांना जागा हवी होती. त्याच वेळी टेकाडाची थोडी वाळूही बांधकामाला गेली. पहिल्या पावसाळ्यात बेडूक ओरडले नाहीत. कोणाच्या लक्षातही आलं नाही. दोन-तीन उन्हाळ्यांनंतर मात्र खालच्या आळीतल्या बायका म्हणायला लागल्या, "मे महिन्यात विहिरीचं पाणी मचूळ लागतं." डाळ शिजेना, चहा फुटायला लागला. आता हे सगळं एका भरावाचंच फळ, असं मी म्हणणार नाही. पंपही वाढलेत, उपसाही वाढलाय. पण बेडूक गेले आणि पाणी बिघडलं, या दोन गोष्टी एकाच वाळूतल्या आहेत. बेडकाने आपल्याला आधी सांगितलं होतं. आपण ऐकलं नाही, आणि मग कळशी घेऊन वरच्या आळीपर्यंत चढायला लागल्या त्या कोण? बायकाच ना!

बेडूक खाण्याबद्दलही एक शब्द. पावसाळ्यात कोकण-गोव्यात काही ठिकाणी मोठे बेडूक पकडले जातात, तेही नेमके अंडी घालण्याच्या दिवसांत. आपल्या देशातून बेडकांचे पाय परदेशी पाठवले जायचे. ते १९८७ साली सरकारने बंद केलं. पण ताटातलं बंद करणं आपल्या हातात आहे. कायद्यानेही हे बेडूक मारायला मनाई आहे.

आता साप. हे नाव काढलं की आपल्या अंगावर काटा येतो. नागपंचमीला भाऊ म्हणून पुजायचा आणि दुसऱ्या दिवशी दिसला की काठी शोधायची! मी सापांची भक्त वगैरे मुळीच नाही. दोघींना फुरसं चावल्यावर त्यांची हालत मी पाहिली आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरसं पुष्कळ. हातभरही लांब नसतं, पण दगडाखाली, पाचोळ्यात बसलेलं दिसत नाही, आणि डिवचलं की अंग अंगावर घासून करकर आवाज करतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, या चार विषारी सापांवरचं औषध आपल्या सरकारी दवाखान्यांत मिळतं. चावलं तर कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट दोरी आवळायची नाही. तो भाग हलू न देता सरळ दवाखाना गाठायचा. मांत्रिकाकडे गेलेला तास परत मिळत नाही.

पण आमच्या कोळणींना आणखी एका सापाशी गाठ घालावी लागते, ती समुद्रातल्या. रापण ओढली की माशांबरोबर कधी कधी समुद्री सापही येतात. त्यांची शेपटी वल्ह्यासारखी चपटी असते, त्यावरून ओळखायचे. त्यातले बरेचसे अंडी न घालता पाण्यातच थेट पिल्लांना जन्म देतात. हे साप बहुधा आपणहून अंगावर येत नाहीत, पण त्यांचं विष जबर असतं, आणि आपल्याकडचं ते चार सापांवरचं औषध यांच्यावर चालत नाही. मासळी निवडताना उघडा हात ढिगाऱ्यात घालणाऱ्या बायका असतात. म्हणून मी आमच्या गटात सांगत असते, जाळं रिकामं केलं की आधी काठीने पसरा, बघा, मग हात घाला. साप असेल तर काठीने पाण्यात सोडा. मेलेला समजून उचलू नका. दंश झालाच, तर दुखत नाही म्हणून घरी बसू नका. जिथे श्वासाचं यंत्र आहे अशा मोठ्या दवाखान्यात जा.

मांडुळाचं तर वेगळंच. बिनविषारी, सुस्त, शेपटी तोंडासारखी बोथट, म्हणून लोक त्याला दुतोंड्या म्हणतात. मोकळ्या जमिनीत आणि वाळूत शिरून राहणारं आणि उंदीर खाणारं हे जनावर. त्याच्यामुळे पैशाचा पाऊस पडतो म्हणे! आमच्या गटातल्या एकीच्या नवऱ्याने 'मांडूळ मिळवून देतो' म्हणणाऱ्याला वीस हजार रुपये दिले. ते तिने गटातून शिलाई मशीनसाठी काढलेलं कर्ज होतं. पैसे गेले, माणूस गेला, मांडूळ काही आलं नाही. बरं झालं आलं नाही. आलं असतं तर पोलीस आले असते. पण त्या कर्जाचा हप्ता आजही तीच भरते आहे. अंधश्रद्धा पुरुषाची आणि हप्ता बाईचा, हे काही नवीन नाही.

तर अशी ही 'रिकामी' वाळू. पुढे काय झालं ते सांगते.

पिल्लांच्या घटनेनंतर मी ग्रामसभेत उभी राहिले आणि म्हणाले, हा दिवा बदलायला हवा. सभेत आधी हशा पिकला. मागून एक गृहस्थ म्हणाले, "बायकांनीच मागितला, आता बायकाच नको म्हणतात!" ते मी गिळलं. पण मग पहिल्या रांगेतून आमची एक जुनी कोळीण उठली. तिची सही माझ्या वहीत सगळ्यात वर होती.

"वैनी, कासवाला उजेड नको म्हणून आमी काळोखात ठेचकळायचं काय? ती समुद्रात जातील. आमी कुठं जायचं?"

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगते, त्या रात्री मला झोप आली नाही. कारण ती बरोबर होती. शहरातून कोणी येऊन 'दिवे बंद करा, निसर्ग वाचवा' म्हणालं असतं तर मीच त्याला सुनावलं असतं. पहाटे चारला डोक्यावर पाटी घेऊन कधी चालून बघ म्हटलं असतं.

पण सकाळी उठल्यावर एक साधी गोष्ट लक्षात आली. आम्हाला उजेड हवा होता तो पायाखाली. आणि मिळाला होता तो आभाळात! तीस फुटांवरचा दिवा अर्धा उजेड समुद्रावर टाकत होता. तिथून ना कोळीण जाते, ना कोणी. पायवाटेच्या ज्या वळणावर फुरसं चावलं होतं तिथे मात्र माडांच्या सावलीत अजून काळोखच होता. म्हणजे आपण मागितलं एक आणि मिळालं भलतंच. ठेकेदाराला उंच खांब दाखवायला बरा, फोटोला बरा. तो कुठे हवा, हे आम्हा बायकांना कोणी विचारलंच नव्हतं. आणि आम्हीही सांगितलं नव्हतं.

मग मी त्या कोळीण मावशींना घेऊन पहाटे चारला वाट चालले. जिथे जिथे त्या म्हणाल्या 'इथं भ्या वाटतं', तिथे तिथे खडूने खूण केली. सात खुणा झाल्या. त्यातली एकही वाळूवर नव्हती! सगळ्या वाटेवर होत्या. नवा अर्ज आम्ही दोघींच्या सहीने दिला. त्यात लिहिलं, कमरेएवढ्या उंचीचे दिवे द्या, वरून झाकलेले, तोंड जमिनीकडे. रंग पांढरा नको, पिवळसर-तांबूस द्या, तो पिल्लांना कमी भुलवतो. बंदरावरच्या मोठ्या दिव्याला समुद्राच्या बाजूने आडोसा करा, आणि पिल्लं निघायच्या दिवसांत रात्री अकरा ते साडेतीन तो बंद ठेवा. मासळी उतरायच्या आधी लावा.

सातांपैकी तीन दिवे मिळाले. आडोशासाठी पत्रा आम्ही गटाच्या पैशातून आणला, वायरमनने जेवणाच्या सुट्टीत बसवून दिला. यंदाच्या हंगामात खांबाखाली एकही पिल्लू सापडलं नाही. एका हंगामावरून मी मोठ्या बाता मारणार नाही. पण मावशी आता रोज पहाटे येताना वाळूवर माग दिसला तर कासवमित्राला आधी फोन करतात. परवा मला म्हणाल्या, "वैनी, तुमच्या कासवांना आमचाच पहारा आहे हो!"

ज्यांना वाटतं की हे सगळं करून पोट भरत नाही, त्यांनी मंडणगड तालुक्यातलं वेळास आठवावं. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने तिथे गावकऱ्यांबरोबर कासवांचं काम सुरू केलं आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पिल्लं समुद्रात जाताना पाहायला माणसं येतात, गावात घरोघरी उतरतात, जेवतात. पाहुण्यांचा स्वयंपाक कोणाच्या हातचा असतो, ते सांगायला नको! पुढे आंजर्ल्यासारख्या गावांनीही ही वाट धरली. तिथे पर्यटकांना सांगितलं जातं, फ्लॅश मारू नका, पिल्लांना हात लावू नका. पाहुणे ऐकतात. म्हणजे झगमगाट केला तरच पर्यटक येतो, हा आपला समज खोटा आहे.

आणि हे प्राणी नुसते 'आपल्या गावचे' तरी कुठे असतात? २०२३ मध्ये गुहागरला उपग्रहाचं यंत्र बसवून सोडलेली बागेश्री नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. आणि २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर खुणेचा बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. अख्खा देश वळसा घालून आली! इतक्या दुरून येणाऱ्या लेकीच्या वाटेत आपण भिंत बांधून ठेवावी, हे बरं दिसतं का?

भिंत म्हटलं ते उगीच नाही. किनारा खचतो म्हणून दगडी बंधारे होत आहेत, आणि जिथे घरं धोक्यात आहेत तिथे लोकांची मागणी मी समजू शकते. पण जिथे टेकाड शाबूत आहे, त्यावर मर्यादवेल आणि रावणाच्या मिशांचं गवत वाळू धरून उभं आहे, तिथे ते उपटून बंधारा कशाला? त्या वेलीचं नावच बघा, मर्यादवेल. समुद्राची मर्यादा इथवर आणि आपली इथवर. किनारपट्टीच्या नियमांतही वाळूची टेकाडं आणि कासवांच्या घरट्यांच्या जागा सर्वाधिक जपायच्या वर्गात आहेत. नियम आहेत, पण ते ग्रामसभेत कोणी उच्चारले तर!

आमच्याकडे आता किनाऱ्यावर आणखी सहा उंच खांब लावायचा प्रस्ताव आला आहे, 'सुशोभीकरण' या नावाखाली. पुढच्या ग्रामसभेत तो येणार. या वेळी कोणी हसलं तरी मी उठणार आहे, आणि मावशीही माझ्या शेजारी उभ्या राहणार आहेत.

तुमच्याही गावात असं काही येईल. दिवा येईल, भराव येईल, बंधारा येईल. त्याला विरोधच करा, असं मी म्हणत नाही. फक्त सही करण्याआधी एकदा त्या जागेवर जाऊन या. शक्यतो रात्री, शक्यतो पहिल्या पावसात. तिथे आधी कोण राहतं ते बघा. मी ते बघितलं नव्हतं.

परवा संध्याकाळी देवळात गेले होते. गाभाऱ्यासमोर दगडी कासव आहे, पुष्कळ देवळांत असतं. आजवर शेकडो वेळा मी त्याला हात लावून, तो हात कपाळाला लावून पुढे गेले असेन. परवा मात्र तिथेच थांबले. देवाच्या दारात कासवाला पहिला मान आहे. आपल्या दारात, आपल्या वाळूत, त्याला निदान काळोख तरी मिळावा!